वाळूतलं पोहणं

दौलू, ये रं. असा जवळ ये. आणि आधी ते डोकं पूस. किती वेळा सांगितलं तुला, ओल्या केसांनी वाऱ्याला उभं राहू नये म्हणून? दोरीवर पंचा असायचा, हात वर केला की हाताला लागेल असा, मीच तिथं टाकलेला. पण तू आपला उंबऱ्यात उभा, सारवलेल्या जमिनीवर थेंब सांडत, आणि वर म्हणायचास, "वाळतंय की आपोआप." सगळं आपोआप व्हायचं तुझं. गेलासही तसाच. साताऱ्याला चार दिवस दादाकडं जाऊन येतो म्हणालास, पोहायचा लंगोट इथंच खुंटीला ठेवलास म्हणजे येणार होतासच, आणि मागनं आला तो तुझ्या दुखण्याचा निरोप. हे काही बरं केलं नाहीस. आत्तीला असं फसवतात व्हय?

बस आता. मी बोलणार आणि तू ऐकायचं. मध्येच "पर आत्ती" म्हणून तोंड घालायची सोय तुला उरली नाही, आणि त्याचंच मला फार जड जातंय.

लोक येतात, दाराशी चपला काढतात आणि विचारतात, ताप कसला होता, औषध कुणाचं चालू होतं. मी सांगत नाही. मला तरी कुठं ठाऊक? मी साताऱ्याला पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. औंधच्या यमाईला मोटारीत बसल्या बसल्या नवस बोलले होते, तो तसाच तोंडात राहिला. तुझा बाप, माझा दादा, भिंतीला टेकून बसलेला. मला बघून एवढंच म्हणाला, "पाण्यात न्हाई गं गेला त्यो. हातरुणात गेला." जसं काही पाण्यात गेला असतास तर मला कमी लागलं असतं. पण त्याला तसंच वाटत होतं, आणि मला ते कळलं. आम्ही दोघं भावंडं पाण्याकाठची.

गणपा परवा येऊन बसला होता. नावाड्याचा पोर, पण आता बाप्या झालाय, बोलता बोलता रडतो. म्हणाला, "आत्ती, तुमी लिवा त्येच्यावर. पुनवंला घाटावर वाचून दावू समद्यास्नी." मी लेकाच्या पाटीवर अक्षरं गिरवून शिकलेली बाई. मला लिहिता येतं ते बोलल्यासारखंच. तेव्हा घाटावरच्या मंडळींनो, वाचा तुम्ही, पण मी बोलतेय ती दौलूशी.

आठवतंय का तुला माहुली? तुला कसली आठवायला, तू तेव्हा एवढासा. मी सांगलीहून माहेरी यायची ती जशी काही तुझ्याचसाठी. वेण्णा येऊन कृष्णेला मिळते तिथल्या पायऱ्यांवर तुला घेऊन जायची. मी स्वतः त्याच डोहात वाढलेली. लग्नाआधी पोहताना दादासुद्धा माझ्या मागं राहायचा. लग्न झालं, सांगलीला आले, आणि पाणी सुटलं. कुणी बंदी नव्हती घातली, पण सुनबाईनं घाटावर धुणं धुवायचं असतं, सूर मारायचा नसतो, हे कुणी सांगावं लागत नाही. मग मी काय करायची, धुणं धुताना पाण्यात हात सोडून बसायची. वाटायचं, हे पाणी माहुलीवरनं आलंय. माझ्या पायऱ्यांना लागून आलंय. माहेरचं माणूस वर्षातनं एकदा येतं, हे रोज येतं.

तर तुझ्या पाठीला मी वाळका भोपळा बांधला. पोटाखाली हात धरला. तू लाथा झाडायचास, पाणी प्यायचास, रडायचास, आणि पुन्हा "आत्ती, आजून" म्हणायचास. एक दिवस पाण्यातच मी गाठ सैल केली. भोपळा सुटला, डुलत डुलत निघाला खाली. तू बराच वेळ हात मारत होतास आणि मग तुला तो लांबवर दिसला. केवढ्यानं ओरडलास, "आत्ती, भोपळा ग्येला!"

"जाऊ दे की," मी म्हटलं. "तू ऱ्हायलास न्हवं?"

तेव्हा तुझ्या तोंडावर जे आलं होतं ते मी पुढं एकदाच पाहिलं. कधी, ते सांगते.

मिसरूड फुटलं तसा तू सांगलीला माझ्याकडंच आलास. म्हणायला पेढीवर कामाला, खरा नदीवर. आणि घाटावरच्या पोरांत तू आलास तो असा, जणू वरच्या अंगानं पाण्यातनंच वाहत आला होतास. नारळी पुनवेची शर्यत बाहेरच्यांना सांगायला हवी. श्रावणात नदी तांबडी, दोन्ही थड्या भरून चाललेली. घाट सोडायचा, पल्याड वाडीच्या काठाला हात लावायचा, आणि परत घाटालाच लागायचं. नुसतं पलीकडं जाणं पुष्कळांना जमतं. घाट परत मिळणं अवघड, कारण धार खाली ओढते. ज्याला वर चढून तिरकं यायचं कळलं, आणि तेवढा दम शेवटपर्यंत पुरला, त्याला पायरी मिळते. बाकीचे खाली मळ्यात निघतात आणि चिखल तुडवत, शिव्या खात चालत येतात. पहिला येईल त्यानं कृष्णामाईची ओटी मध्यधारेला न्यायची. खण, तांदूळ, नारळ, सगळं वेताच्या परडीत. ती परडी भरायचं काम आमच्या आळीचं, म्हणजे माझंच. बाईची ओटी बाईनं भरायची, पण तिच्या दारापर्यंत न्यायला पोहणारा लागतो.

तू पहिल्याच साली परडी नेलीस. मग दुसऱ्या साली. मग लोक म्हणायला लागले, दौलूची परडी. गणपा तुझ्या मागं हातभर असायचा आणि कधी कुरकुरला नाही.

मग तू पलटणीत नाव घालून आलास. सातारच्या घरात काय नवल, बाप पलटणीत राहून आलेला, चुलता राहून आलेला. तुझ्या पेटीत लाडू भरताना मी म्हटलं, "पानी इसरू नगंस रं."

"पानी काय इसरायची गोष्ट हाय व्हय, आत्ती?"

"इसरतंय. अंग लय लवकर इसरतंय. माझ्याकडनं ऐक."

तू हसलास. आणि तिथनं आपलं भांडण सुरू झालं. ते अजून मिटलेलं नाही, म्हणून तर बोलावलंय तुला.

पाच पावसाळे तू नव्हतास. परडी गणपा न्यायचा, आणि मध्यधारेला ती सोडताना दरवर्षी तोंडातल्या तोंडात तुझं नाव घ्यायचा. मला घाटावरनं त्याचे ओठ दिसायचे. तू कुठं होतास तर लढाईवर, मिसर देशात, वाळूत. परत आल्यावर चुलीपुढं बसून सांगायचास आणि मला भाकरी थापायचं भान राहायचं नाही. सकाळी एक मग पाणी. त्यात दाढी, त्यातच तोंड, उरलेलं मोटारीच्या पोटात. कृष्णेच्या पुरात वाढलेलं पोर माझं, मगभर पाण्याकडं टक लावून बसायचं.

"मग काय करायचास रं?"

"पवायचो."

"कशात?"

"वाळूत. दुपारच्याला पालाखाली पडलो की डोळं मिटायचं. घाट सोडायचा, वरच्या अंगाला चढायचं, वाडीच्या बाभळी दिसाय लागल्या की हात लावायचा, आन् फिरायचं. रोज. खाडा न्हाई केला एक दीस. कवाकवा तर परत यायच्या आधीच हाक यायची आन् म्या मधल्या धारंतनंच उठून बंदूक घ्यायचो."

"आन् त्यो सराव म्हनायचा?"

"न्हाई तर काय? हात दुखायचं सकाळी."

"भुईवर निजल्यानं दुखलं असत्याल. सपनात जेवून पोट भरतंय व्हय कुनाचं?"

"पोटाचं ठाव न्हाई. हाताचं सांगतो."

मी हसले. पण भाकरी उलटताना मनात आलं, मी तरी दुसरं काय करत होते इतकी वर्षं? झोपेत माहुलीच्या डोहात असायचे मी. लुगड्याचा काचा मारलेला, केस सुटलेले, वरनं उन्हाची जाळी पाण्यात हलतेय. तिथं धाप नावाची गोष्टच नसायची. हे तुला तेव्हा सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुझी बाजू वर झाली असती, आणि मला हरायचं नव्हतं.

तू आषाढात परत आलास. दुसऱ्याच दिवशी घाटावर. मी पायरीवर बसले होते. तू वरच्या दगडावरनं सूर मारलास आणि घाटावरचे सगळे म्हणाले, तोच गडी, तोच सूर! दिसायला सगळं तेच होतं. हात तसेच पडत होते, मान तशीच वळत होती. मी मात्र तुझे पाय बघत होते. पोहणाऱ्याचा पाय घोट्यातनं ओल्या फडक्यासारखा हलायला पाहिजे. पलटणीच्या बुटांनी तुझे घोटे आवळून टाकलेले. पाय दारासारखा आख्खा उघडत होता, आख्खा मिटत होता. आणि श्वास! कोस न् कोस चालून तुझी छाती रुंद झाली होती, पण चालणाऱ्याला हवी तेव्हा हवी तेवढी हवा घेता येते. पाण्यात मिळेल तेवढ्यावर भागवावं लागतं. ते भागवणं तू विसरला होतास. निम्म्यात जाऊन परत आलास, आणि मला म्हणालास, "पानी घट्ट झालंय यंदा."

"पानी त्येच हाय. तुजं घोटं बग."

"पर आत्ती..."

तेच ते, "पर आत्ती". पुढचं तू ऐकलं नाहीस, आणि पुनव तर तोंडावर आलेली.

त्या पुनवेचं मी पुष्कळ वेळा मनात उलगडून बघितलंय. ऊन-पावसाचा खेळ चालला होता. नदी अशी चकाकत होती की डोळे आपोआप मिटावेत. तुम्ही सगळे निघालात तेव्हा पाण्यावर नुसती डोकी दिसत होती, काळी, लहान. मग पावसाची एक सर आली आणि डोकीही दिसेनात. आणि त्या पांढुरक्या सरीतनं पहिला बाहेर आलास तू.

पायरीला धरून वाकलास. ओठ निळे, खांदे लटलटत होते. ढोल सुरू झाला. तुझ्या मागोमाग गणपा लागला, मग बाकीची पोरं एकामागं एक, अगदी ओळीनं. मी परडी घेऊन पुढं झाले. तू परडीकडं बघितलंच नाहीस. तू गणपाच्या छातीकडं बघत होतास.

"गणप्या, तुझा ऊर का धापंना रं?"

"धापतोय की."

तू त्याच्या छातीवर तळवा टेकवलास. आत काहीतरी ऐकावं तसा थांबलास.

"देवळात बसल्यागत बसलाय की गड्या तुझा ऊर."

गणपा खाली बघायला लागला. मग म्हणाला, "आरं, तू जिता आलास ह्येच लय झालं आमास्नी. यंदाचा मान तुजाच. ठरवलं आमी समद्यांनी."

"ठरवलं? पानी तुझ्या बाचं हाय व्हय, वाटून द्याया?"

ढोल थांबला. तालमीतल्या त्या दांडग्या पोरांची तोंडं अशी झाली होती, जशी जेवायला वाढलेल्या ताटाला कुणी लाथ मारावी. त्यांचं काही वाईट नव्हतं रं मनात. लढाईवरनं परत न आलेली पोरं काय थोडी होती आपल्या मुलखात? तू परत आलास, त्याचा आनंद कुठं ठेवावा हे त्यांना कळलं नाही, म्हणून त्यांनी तो नदीत ठेवला. मी तुला म्हटलं, "घे, दौलू. मायेनं देत्यात."

तू माझ्याकडं वळलास. ते डोळे मला अजून दिसतात. "तू खरं सांग, आत्ती. म्या पवलो का?"

सगळा घाट ऐकत होता. हातात परडी होती. हो म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? ढोल पुन्हा वाजला असता, तू परडी नेली असतीस, घरी गोड झालं होतं ते खाल्लं असतं आपण. पण पाण्यात तुला मी सोडलं होतं, त्या पाण्याबद्दल तुझ्याशी खोटं बोलायला माझी जीभ उचलेना.

"न्हाई," मी म्हटलं. "हात मारलंस. पवला न्हाईस."

तू मान हलवलीस आणि बाजूला जाऊन बसलास. गणपाला परडी घे म्हटलं, तर तो म्हणे, "म्या जिकलो न्हाई, म्या कशी घिऊ?" दुसऱ्याला म्हटलं, तो तिसऱ्याकडं बोट दाखवतो. ऊन उतरायला लागलं. कृष्णामाई भरलेल्या थड्यांनी समोरनं जातेय आणि तिची ओटी काठावर, कुणी न्यायला तयार नाही. असं कधी झालं नव्हतं. मग माझ्याच मनात काय आलं कोण जाणे, मी काचा मारला आणि परडी घेऊन पायऱ्या उतरले. एक पायरी, आणखी एक. पाणी कमरेला लागलं. लग्न होऊन सांगलीला आल्यापासनं इथल्या नदीचं कमरेला लागलेलं ते पहिलं पाणी. मला वाटलं, आता काही मी उभी राहत नाही, विरघळतेच.

परडी सोडली. ती थोडी पुढं गेली, घाटाच्या कोपऱ्याशी पाणी गोल फिरतं तिथं सापडली, आणि एक गिरकी घेऊन सरळ माझ्या पोटाला येऊन लागली. पुन्हा ढकलली. पुन्हा परत. वरनं कोणतरी खुदकन् हसलं. मग तूच आलास खाली, आणि पोहत पोहत परडीला मागनं ढकलत धारेपर्यंत घेऊन गेलास.

मी मग तीन वर्षं तुला चिडवत होते, त्या साली ओटी तूच नेलीस म्हणून. आणि तू दर वेळी तेच म्हणायचास, "न्हेली न्हाई. ढकलली."

हेही भांडण राहिलंच.

पाऊस सरला, पाणी निवळलं, आणि एका पहाटे तू माझ्यापुढं येऊन उभा राहिलास. हातात वाळका भोपळा. "आत्ती, बांध," म्हणालास. मला आधी वाटलं थट्टा करतोयस. पण तू पाठ करून बसलास.

त्या हिवाळ्यात सांगलीचा घाट फुकटचा तमाशा बघून घेत होता. ओटीचा मान घेतलेला गडी, लढाई बघून आलेला, आणि पाठीला भोपळा बांधून लेकरांच्या घोळक्यात. "काय हवालदार, भोपळा सरकारनं दिला काय?" म्हणून विचारायचे. तू म्हणायचास, "व्हय, पेन्शनीत." तू बूट घालायचे सोडलेस. नदीकाठच्या वाळवंटात अनवाणी चालायचास, मग पायरीवर टाचांवर बसायचास, मी घोट्यांना तेल चोळायची आणि तू बोंबलायचास. गोळी लागलेला गडी सुद्धा एवढा ओरडला नसेल. भोपळ्याच्या आधारानं नुसते पाय हलवायचे, हात नाही लावायचा. पाय सुटले, तर हात अडले. तू म्हणालास, "आत्ती, पानी मुठीत येईना. बोटांतनं निसटतंय. पैलं कसं, भाकरीच्या पिठागत हाताला लागायचं."

तेव्हा मी तुला धारेत नुसतं उभं केलं, हात पसरून. काही करायचं नाही, पाण्याला हातावरनं जाऊ द्यायचं. आणि एकट्याला कंटाळा येईल म्हणून मी शेजारी उभी राहिले. पहाटेचं धुकं पाण्यावर टेकलेलं, पल्याडची वाडी नाहीशी झालेली, आपण दोघं आत्ती-भाचा हात पसरून गळ्याइतक्या पाण्यात उभे. कुणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, ह्यांना बाधा झालीय. पाणी बोटांना ओळखून पुढं जायचं. कधी ते धुकं उठायचं, आणि मी उभी आहे ती सांगली की माहुली, मी बाई की पोर, हे मला क्षणभर समजायचं नाही. असंच एकदा पाय आपोआप सुटले माझे. पाच-सहा हात मारले असतील मी. धाप लागून ऊर फुटायची वेळ आली. तू नुसता माझ्या बाजूनं येत राहिलास, एक हात माझ्या पोटाखाली, लावलेला नाही, पण असलेला.

त्यासाठी मी तुला कधी काही बोलले नाही. काय बोलायचं असतं अशा वेळी? आज बोलते. तू मला माझं पाणी परत दिलंस, बाळा. तू भोपळा बांधून बसला नसतास, तर मला लाज वाटली असती आणि मी काठावरच मेले असते.

देशाचा झेंडा लागला त्याच श्रावणातली पुनव. तू गणपाला घाटावर कृष्णामाईची शपथ घालायला लावलीस, की हात राखणार नाही. "राखला तर तुज्या पंगतीला बसायचा न्हाई म्या," म्हणालास. तुम्ही निघालात. मी परडी घेऊन उभी. गणपा आला, बैलासारखा धापत, डोळे लाल. मागनं आणखी दोघं आले. तू नाही. मी पाण्याकडं बघतेय, कुठं काळं डोकं दिसतं का.

तर तू दिसलास काठानं, खालच्या मळ्यातनं. धार तुला घाटाच्या खाली घेऊन गेली होती. गुडघ्यापर्यंत चिखल, खोकतोयस, धापतोयस, आणि हात वर करून लांबनंच ओरडतोयस, "आत्ती! हरलो गं! खराखुरा हरलो!"

भोपळा सुटला तेव्हाचं तुझं तोंड. ते मी पुन्हा बघितलं ते तिथं.

गणपानं परडी नेली. तू घाटावर बसून दोन्ही हातांनी ढोल बडवलास.

गेल्या साली तुला पायरी मिळाली, दुसरा. गणपाच्या मागं हातभर. "फुडच्या पुनवंला बग," एवढंच म्हणालास. ती पुढची पुनव आता येतेय, दौलू. मी वेताची नवी परडी सांगून ठेवली होती. तुझ्यासाठी मलकापूरची एक पोरगीही बघून ठेवली होती, तेही राहिलं सांगायचं. पाण्याला भिणारी नाही, एवढं विचारून घेतलं होतं मी.

तू गेल्यापासनं मी नदीत उतरले नव्हते. बसायची पायरीवर, पाणी पायाला लागलं तर पाय वर घ्यायची. पण झोप लागली की पाण्यातच. आणि आता तिथं तूही असतोस. पुढं पोहत असतोस, वळून बघत नाहीस, घोटे कसे अगदी सैल हलतात, जसे मला पाहिजे होते तसे. मी मागनं येते. दम लागत नाही. पाणी आहे की ऊन, हेही कळत नाही. वाळूत तू असाच पोहत होतास का रं? इतकं खरं असायचं ते? मग मी उगाच हसले तुला.

आज सकाळी मात्र उतरले. म्हटलं, एकदाचा निकाल लागू दे. थोडे दिवसच झाले मधे, पण साठीच्या अंगाला खाडा फार लवकर कळतो. चार हात मारले आणि छाती भरून आली, कानात ढोल वाजायला लागले. मी मनात म्हटलं, बघ, मी सांगत नव्हते? झोपेतल्या पोहण्यानं दम राहत नाही. मी जिंकले. पण मग परत फिरताना बघते तर हातांना पाणी लागत होतं. पिठासारखं. इतके दिवस न शिवलेलं पाणी, आणि एकदाही बोटांतनं निसटलं नाही. हे कुठनं आलं सांग? तेव्हा दम माझ्या बाजूनं बोलला आणि हात तुझ्या बाजूनं बोलले, आणि मी पायरीला धरून हसत होते की रडत होते ते त्या पाण्यालाच माहीत. आता तू नसताना हे मिटवायचं कसं?

तुझ्या अस्थी दादानं माहुलीतच सोडल्या, त्याच पायऱ्यांवरनं. मी शेजारी होते. तुझं सगळं ओंजळभर झालं होतं. मी हात पाण्याखाली धरला होता, पोटाखाली धरायचे तसा, आणि मग काढून घेतला. दादा रडत म्हणाला, "ग्येला गं." पण मला ठाऊक होतं तू कुठं निघालास ते. ते पाणी कुठं येतं हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार?

तेव्हा ऐक. आता वर महाबळेश्वराला पाऊस लागलाय, पाण्याला ओढ आली असेल. कऱ्हाडला जपून. तिथं कोयना समोरनं अंगावर येते, तिचं पाणी गार आणि आडदांड. तिच्याशी जोर करत बसू नकोस, डाव्या अंगानं सैल सोडून दे स्वतःला, ती आपोआप वळवून देईल. पुढं मग सरळ आहे. आपला घाट दिसला की मधेच धारेत राहू नकोस, नाहीतर पुन्हा मळ्यात निघशील. कोपऱ्याशी पाणी गोल फिरतं ना, परडी परत आली होती तिथं, त्या गिरकीत शीर. ती बरोबर पायरीला आणून लावते.

मी पुनवेपर्यंत रोज सकाळी तिथंच असणार आहे, कमरेइतक्या पाण्यात, हात पसरून. गणपानं सांगितलंय, यंदा कुणीही पहिला आला तरी परडी आधी तुझ्यासाठी थांबेल. लवकर ये, दौलू. आणि ओल्या डोक्यानं आलास तरी चालेल. मी काही बोलणार नाही.